एकट्याच्या खांद्यावरचे पॅकेज

मार्च २०२४च्या अखेरची गोष्ट. अमेरिकेतले संगणक अभियंते आंद्रेस फ्रॉइंड एका डेटाबेसच्या वेगाच्या चाचण्या घेत होते. अशा चाचण्यांच्या वेळी संगणकावर दुसरे काही चालू नको असते, म्हणून कोणता प्रोग्रॅम किती ताकद खातो आहे याकडे त्यांचे बारीक लक्ष होते. त्यात एक गोष्ट खटकली. दूरच्या संगणकात शिरण्यासाठी जगभर वापरला जाणारा एसएसएच हा प्रोग्रॅम नेहमीपेक्षा जास्त वेळ घेत होता. जिथे ०.३ सेकंद लागायचे तिथे ०.८ लागत होते. दुसऱ्या कोणी ‘आज नेट स्लो आहे’ म्हणून सोडून दिले असते. फ्रॉइंड धागा धरून मागे मागे गेले आणि २९ मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्यांनी आपला शोध जाहीर केला. फाइली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ नावाच्या एका साध्या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. ज्याच्याकडे त्याची खास किल्ली असेल, त्याला त्या संगणकावर हवे ते करता आले असते.

एक्सझेडचे नाव बहुतेकांनी ऐकलेलेही नसते. पण बँका, विद्यापीठे, संशोधन संस्था आणि रुग्णालयांचे सर्व्हर ज्या लिनक्स प्रणालीवर चालतात, तिच्या पोटात तो असतोच. आणि हा प्रोग्रॅम वर्षानुवर्षे सांभाळत होते फिनलंडचे लासे कॉलिन. जवळजवळ एकट्याने, पगाराशिवाय, सवडीच्या वेळात.

चोर भिंत फोडून आला नव्हता. ‘जिया टॅन’ असे नाव सांगणारी एक व्यक्ती २०२१पासून या प्रकल्पाला मदत करू लागली. (हे नाव खरे की खोटे, त्यामागे एकजण की टोळी, हे अजूनही उघड झालेले नाही.) तिच्या दुरुस्त्या नीटनेटक्या होत्या. २०२२मध्ये आणखी काही अनोळखी नावे पुढे आली आणि कॉलिन यांना टोचू लागली: काम रखडले आहे, झेपत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. त्यावर कॉलिन यांनी जाहीरपणे जे उत्तर दिले, ते या साऱ्या प्रकरणातले सर्वांत माणुसकीचे पान आहे. दीर्घकाळच्या मानसिक आजारपणामुळे आपल्याला फारसे लक्ष देता आलेले नाही, असे त्यांनी सांगितले. आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे, याचीही आठवण करून दिली. तरीही टोचणी चालू राहिली. अखेर थकलेल्या माणसाने मदतीला आलेल्या हाती किल्ल्या दिल्या. २०२४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या मदतनिसाने ज्या दोन नव्या आवृत्त्या काढल्या, त्यांतच चोरदरवाजा होता.

याची रचना बघण्यासारखी आहे. हा घातक भाग प्रोग्रॅमच्या उघड्यावर ठेवलेल्या मूळ कोडमध्ये पूर्णपणे दिसत नव्हता. काही भाग चाचणीसाठीच्या फाइलींत दडवला होता, आणि त्याला जागे करणारी कळ फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. त्यातही ती कळ दाबली जायची ती मुख्यतः डेबियन किंवा रेडहॅट पद्धतीचे पॅकेज तयार होत असेल तेव्हाच. म्हणजे हल्लेखोराचा डोळा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यापेक्षा तो प्रोग्रॅम बांधून जगाला पोचवणाऱ्या साखळीवर होता. त्या साखळीत काम करणारे बहुतेकजण स्वयंसेवक आहेत आणि त्यांच्याबद्दल बाहेर फारसे बोलले जात नाही.

‘पॅकेज बांधणे’ म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. फोनमध्ये ॲप उतरवताना आपण एक बटण दाबतो आणि मोकळे होतो. पण एखाद्या संशोधकाने जनुकांची तुलना करणारा प्रोग्रॅम लिहिला, तर तो त्याच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर चालतो, तेवढीच त्याची खात्री. दुसऱ्याच्या संगणकावर तो चालण्यासाठी आणखी दहा लहानमोठे प्रोग्रॅम लागतात, त्यांच्या ठरावीक आवृत्त्या लागतात. कोणती फाइल कुठे ठेवायची याचे नियम असतात. परवाना तपासावा लागतो. वेगवेगळ्या प्रोसेसरांवर तो उभा राहतो का, हे बघावे लागते. हे सगळे निस्तरून, सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळोवेळी आत घालून, एका आज्ञेत बसवता येईल असा जो गठ्ठा तयार होतो ते पॅकेज. आणि ते बांधणारा, नंतर वर्षानुवर्षे त्याची काळजी घेणारा, तो मेंटेनर. मराठीत सांभाळकर्ता म्हणता येईल.

अशा पॅकेजांचे जगातले एक सर्वांत मोठे कोठार म्हणजे डेबियन. १६ ऑगस्ट १९९३ला इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने त्याची घोषणा केली. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान, यांच्या नावांची संधी म्हणजे डेबियन. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत सुमारे ७० हजार पॅकेजे आहेत. ती सांभाळणारे अधिकृत सदस्य सुमारे एक हजार, आणि त्यांच्याभोवती सदस्य नसलेले पण काम करणारे अनेक. कोणी कोणाचा साहेब नाही. सदस्य दरवर्षी मतदानाने एक नेता निवडतात, पण तो कोणालाही ‘हे काम तू कर’ असा हुकूम सोडू शकत नाही. संस्थेच्या घटनेतच तसे लिहिले आहे: कोणावरही काम करण्याची सक्ती नाही.

सक्ती नाही, पगार नाही, आणि माणसे जगभर पांगलेली. मग काम चालते कसे?

सुरुवातीच्या काळातली पद्धत सोपी होती. एक पॅकेज, एक मालक. मालक जागरूक असला तर उत्तम. पण त्याची नोकरी बदलली, घरात बाळ आले, आजारपण आले की पॅकेज तसेच पडून राही, आणि दुसऱ्याने हात लावला तर अपमान वाटण्याचीही सोय होती. या पद्धतीला डेबियनमध्येच पर्याय उभे राहिले. त्यातला एक आरोग्याशी थेट जोडलेला आहे: डेबियन मेड.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेआस टिले यांनी २००२मध्ये हा गट सुरू केला. जीवशास्त्र आणि वैद्यक यांना लागणारे मुक्त सॉफ्टवेअर एका ठिकाणी, नीट बांधलेले मिळावे, हा हेतू. जनुकीय क्रम शोधणारा ब्लास्ट, तुकड्यांचा मेळ घालणारे बीडब्ल्यूए आणि सॅमटूल्स, अनेक क्रम शेजारी मांडून तुलना करणारा मॅफ्ट ही संशोधकांच्या रोजच्या वापरातली साधने त्यात आहेत. एमआरआय आणि सीटी स्कॅनच्या प्रतिमा साठवणारा, बेल्जियममधल्या लीएज विद्यापीठ रुग्णालयात जन्मलेला ‘ऑर्थांक’ हा सर्व्हरही आहे. व्यापारी सॉफ्टवेअरचा खर्च न पेलणाऱ्या छोट्या प्रयोगशाळेला किंवा रुग्णालयाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

गटाचा पहिला नियम मालकीबद्दलचा आहे. पॅकेजवर सांभाळकर्ता म्हणून व्यक्तीचे नाव लागत नाही, संघाचे लागते. कोणी कोणी लक्ष घातले आहे त्यांची नावे खाली असतात, पण संघातला कोणीही सदस्य चूक दिसली की ती दुरुस्त करून नवी आवृत्ती चढवू शकतो. बदलांच्या नोंदीत तेव्हा फक्त दोन शब्द लिहायचे: ‘टीम अपलोड’. परवानगी मागायला नको, रुसवा नको. वरवर ही कारकुनी बाब वाटते. पण ज्याला चार महिने संगणकाकडे बघायला वेळ नाही, त्याला अपराधी न वाटता बाजूला होता येते ते या दोन शब्दांमुळे.

दुसरी गोष्ट नव्या माणसांची. ओपन सोर्सच्या जगात मदत करायची इच्छा असणाऱ्यांची वाण नाही, वाण आहे ती त्यांना शिकवायला वेळ असणाऱ्यांची. नवखा येतो, कागदपत्रांचा डोंगर बघतो आणि गुपचूप निघून जातो. टिले यांनी यावर काढलेला तोडगा अगदी घरगुती आहे. महिन्याला एक शिष्य. ज्याला शिकायचे आहे त्याने आपल्याला स्वतःला लागणारे एक पॅकेज निवडायचे, आणि अनुभवी सदस्याने महिनाभर त्याच्यासोबत बसून ते बांधून घ्यायचे. अट एवढीच की प्रश्नोत्तरे खासगीत न होता सर्वांसमोर व्हावीत, म्हणजे एकाला दिलेले उत्तर पुढच्यालाही सापडते. यात एक मेख आहे. स्वतःच्या प्रबंधासाठी लागणारे साधन बांधणारा संशोधक दुसऱ्या दिवशीही परत येतो, कारण ते त्याला खरोखर हवे असते. केवळ परोपकारासाठी आलेला तसा येईलच असे नाही.

तिसरी गोष्ट मोजणीची. संघाची तब्येत कशी आहे हे ओळखण्यासाठी कोण किती पॅकेजे चढवतो, कोण किती चुका निस्तरतो, चर्चेत कोण बोलतो, याचे वर्षागणिक आलेख काढण्याची पद्धत टिले यांनी रुजवली. एकाच नावाचा खांब फार उंच दिसला तर बाहेरच्याला ती शाबासकीची गोष्ट वाटेल. संघाच्या दृष्टीने तो धोक्याचा कंदील असतो, कारण तो माणूस उद्या थांबला तर काय, हा प्रश्न त्यात दडलेला आहे. एक्सझेडचा असा आलेख कोणी काढला असता तर त्यात कित्येक वर्षे एकच खांब दिसला असता.

या तयारीची परीक्षा एप्रिल २०२०मध्ये झाली. कोविडची पहिली लाट, सगळे घरात. ५ ते ११ एप्रिल या आठवड्यात जगभरच्या संशोधकांनी आणि प्रोग्रॅमरांनी मिळून ऑनलाइन बायोहॅकेथॉन घेतली आणि डेबियन मेड त्यात उतरले. विषाणूच्या अभ्यासाला लागणारी पण अजून न बांधलेली साधने बांधायची, बांधलेल्यांतल्या चुका काढायच्या, हे काम. आवाहन करताना फक्त तज्ज्ञांना बोलावले नव्हते. पॅकेज बांधता येत नाही पण प्रोग्रॅम चालवून बघता येतो, माहितीपत्रक लिहिता येते, भाषांतर जमते, अशांनाही या म्हटले होते. संकटात मदतीला धावणारे खूप असतात. त्यांना त्या आठवड्यात हाताला काम देता आले, कारण कामांची यादी आधीपासून उघड्यावर मांडलेली होती आणि दोन दशकांची घडी बसलेली होती.

याच सुमारास कमी चमकदार पण जास्त चिवट काम चालू होते. पायथॉन या भाषेची दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२०ला बंद झाली. विज्ञानातले ढीगभर प्रोग्रॅम त्या जुन्या आवृत्तीत लिहिलेले, आणि अनेकांचे मूळ लेखक पीएचडी संपवून कधीच दुसऱ्या वाटेला लागलेले. ते प्रोग्रॅम तिसऱ्या आवृत्तीत आणले नाहीत तर कोठारातून काढावे लागणार होते. बातमी व्हावी असे त्यात काहीच नव्हते. एकेक फाइल उघडायची, जुने वळण बदलायचे, नमुना आकडे घालून उत्तर आधीसारखेच येते का ते तपासायचे. चुकीचे उत्तर निमूटपणे देणारा वैज्ञानिक प्रोग्रॅम बंद पडलेल्या प्रोग्रॅमपेक्षा वाईट, म्हणून प्रत्येक पॅकेजासोबत आपोआप चालणारी चाचणी जोडण्याचे कामही गटाने हाती घेतले आहे. उन्हाळी उमेदवारीवर आलेल्या विद्यार्थ्यांनीही त्यात भर घातली.

एवढे सगळे बिनपैशाने का? पैसे दिले तर प्रश्न सुटणार नाही का? डेबियनने हा प्रयोग करून पाहिला आहे. २००६मध्ये पुढची आवृत्ती डिसेंबरात वेळेवर यावी म्हणून काही ज्येष्ठ सदस्यांनी बाहेरून निधी उभारला आणि प्रकाशनाचे काम बघणाऱ्या दोघांना महिना-महिना पूर्णवेळ काम करण्यासाठी मानधन देऊ केले. हेतू चांगला होता. पण इतरांना प्रश्न पडला: तेच काम आम्ही वर्षानुवर्षे फुकट करतो, मग त्या दोघांनाच का? काहींनी निषेध म्हणून हात आखडता घेतला, काहींनी विडंबन म्हणून विरोधी गट काढला. आवृत्ती अखेर आली ती एप्रिल २००७मध्ये. उशिराला आणखीही कारणे होती, पण सार्वजनिक गणेशोत्सव मंडळात ज्यांनी कधी काम केले आहे त्यांना यातली ठिणगी लगेच कळेल. आज अनेक कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना ओपन सोर्सच्या कामासाठी पगार देतात आणि ते आवश्यकच आहे. फक्त पैसा कोणाला, कोणी ठरवून द्यायचा, याचे उत्तर आधी मिळाले नाही तर मदतच महागात पडते.

समन्वय फक्त स्वयंसेवकांचा आपापसात नसतो. पॅकेज बांधणारा आणि मूळ प्रोग्रॅम लिहिणारा यांच्यातही तो लागतो. त्याचा धडा डेबियनला २००८मध्ये मिळाला. इंटरनेटवरच्या गुप्त संवादाचा कणा असलेल्या ओपनएसएसएलमध्ये, तपासणीचे एक अवजार सारखी तक्रार करते म्हणून, दोन वर्षांपूर्वी एका सांभाळकर्त्याने दोन ओळी बंद केल्या होत्या. त्याने त्याआधी मूळ प्रकल्पाकडे विचारणाही केली होती. पण प्रश्न नीट पोचला नाही, उत्तर ढोबळ आले. त्या ओळी गुप्त किल्ल्यांमध्ये यादृच्छिकता मिसळण्याच्या होत्या. त्या गेल्या आणि किल्ल्यांचे अगणित पर्याय एका प्रकारच्या संगणकावर अवघ्या ३२,७६८ इतके उरले. लुचियानो बेयो या सदस्याला हे लक्षात आले आणि १३ मे २००८ला ते जाहीर झाले, तेव्हा जगभर असंख्य किल्ल्या बदलाव्या लागल्या. त्या माणसाला मूर्ख ठरवणे सोपे होते आणि तसे झालेही. पण त्याने विचारले होते, ही नोंद महत्त्वाची आहे.

डेबियन मेडने हा संवाद फार चिकाटीने केला आहे, विशेषतः परवान्यांच्या बाबतीत. वैज्ञानिकांना आपला प्रोग्रॅम वाटायचा असतो, पण ‘विकू नका’, ‘फक्त शैक्षणिक वापर’ अशा अटी ते सहज लिहून टाकतात आणि त्यामुळे तो मुक्त सॉफ्टवेअरच्या कोठारात बसत नाही. जोसेफ फेल्सेनस्टाइन यांचा ‘फिलिप’ हा सजीवांच्या वंशवृक्षांचा प्रोग्रॅम १९८०पासून वाटला जातो आहे. अशाच एका अटीमुळे तो अनेक वर्षे डेबियनच्या बाहेरच्या कोठीत होता. पुढे परवाना बदलला आणि तो मुख्य कोठारात आला. अशा बदलांमागे सहसा कोणीतरी नम्रपणे, पुन्हा पुन्हा लिहिलेली पत्रे असतात.

आता पुन्हा थकव्याकडे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची व्याख्या दिली: न हाताळल्या गेलेल्या, कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था. ताकद संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे, आपल्याकडून काही नीट होत नाही असे वाटणे, ही तिची तीन अंगे. संघटनेने हा आजार मानलेला नाही, व्यवसायाशी जोडलेली अवस्था म्हटले आहे. त्यामुळे एक गंमत, किंवा शोकांतिका, होते. कॉलिन यांच्यासारख्याला ना कामाचे ठिकाण, ना साहेब, ना रजेचा अर्ज. रात्री अकरा वाजता, घरचे झोपल्यावर, अनोळखी माणसाची खरमरीत तक्रार वाचणारा हा माणूस व्याख्येच्या उंबऱ्याबाहेरच राहतो.

डेबियनने यावर ज्या सोयी केल्या आहेत त्यांची नावे फार मनुष्यप्राण्यासारखी आहेत. कामांची एक जाहीर यादी असते. सांभाळकर्त्याला ओझे वाटू लागले तर तो तिथे ‘मदत हवी’ अशी नोंद करतो. सोडायचे असेल पण घाई नसेल तर ‘दत्तक घेणारा हवा’. आणि आजच सोडत असेल तर ‘अनाथ’. कारण द्यावे लागत नाही. जो काहीच न सांगता गायब होतो त्याच्यासाठी वेगळा गट आहे, सैन्यातल्या ‘बेपत्ता’ या संज्ञेचे नाव घेतलेला. हा गट आधी विचारपूस करतो: सगळे ठीक आहे ना? उत्तरच आले नाही तर ठरावीक काळाने पॅकेजे दुसऱ्यांसाठी मोकळी करतो. तातडीची चूक असेल तर बाहेरचा सदस्य दुरुस्ती करून ती काही दिवसांच्या विलंबाच्या रांगेत ठेवू शकतो, म्हणजे मूळ सांभाळकर्त्याला नको म्हणण्याची संधी राहते.

या यादीत प्रोग्रॅम लिहिता न येणाऱ्यांनाही जागा असते. डेबियन संगणकावर बसवताना पडद्यावर येणाऱ्या सूचना मराठीतही वाचता येतात, कारण कोणीतरी त्या ओळ न् ओळ मराठीत आणल्या. मूळ सूचना बदलल्या की भाषांतरही बदलावे लागते, आणि तिथेही माणूस लागतोच.

एक्सझेडचे पुढे काय झाले? चोरदरवाजा डेबियनच्या फक्त चाचणीच्या शाखांपर्यंत पोचला होता, सर्वसामान्यांच्या स्थिर आवृत्तीत नव्हता. काही दिवस आधीच एका अनोळखी नावाने ‘नवी आवृत्ती लवकर घ्या’ असा लकडा डेबियनकडेही लावला होता. शोध जाहीर झाल्यावर जुनी, स्वच्छ आवृत्ती परत बसवली गेली. पण पॅकेजचा क्रमांक मागे नेता येत नाही, म्हणून तिचे नाव ठेवले गेले: ‘५.६.१+रिअली५.४.५’. म्हणजे म्हणायला ५.६.१, खरे तर ५.४.५. एप्रिलमध्ये ठरलेली डेबियनची किरकोळ दुरुस्त्यांची आवृत्ती पुढे ढकलून जूनअखेर काढण्यात आली, कारण स्वतःची बांधणीची यंत्रे तर दूषित झाली नाहीत ना, हे आधी बघायचे होते. कॉलिन परतले, सारा कोड चाळून काढला आणि मे २०२४च्या अखेरीस स्वच्छ आवृत्ती प्रसिद्ध केली.

त्याच वर्षी डेबियनच्या सदस्यांनी नेता म्हणून आंद्रेआस टिले यांना निवडले. अनाथ पॅकेजांची यादी मात्र आजही लांबच आहे. प्रत्येक नावापुढे ते किती दिवस अनाथ आहे याचा आकडा असतो, आणि तो रोज एकाने वाढतो.